दिवसातून चारदा दात घासले

१४ डिसेंबर १९८१, सोमवार. सानगडी.

आज चंद्रकांता सिस्टर आल्या होत्या. त्यांनी शेवंताला झोळीत घातलं, झोळी काट्याला अडकवली आणि काट्याकडे बघून नुसतं "हं" म्हणाल्या. चार किलो साडेसातशे. बाळंतपण आटोपून आसगावहून, माझ्या माहेराहून, पोरीला घेऊन इथे सासरी आले त्याला पाच आठवडे झाले. निघताना तिथल्या नर्सने वजन केलं होतं ते चार किलो सातशे. पाच आठवड्यांत पन्नास ग्रॅम! तेवढी हळद माझी भाजीत जाते.

पोरगी साडेतीन महिन्यांची आहे. माहेरी होती तोवर महिन्याला पाऊण किलोच्या वर वाढत होती. इथे आल्यापासून तोंड लावते, सोडते, रडते, हातपाय झाडते. डोळा लागला की दचकून उठते. मला दूधही पूर्वीइतकं येत नाही.

सिस्टर म्हणाल्या, "मंदाबाई, तुमचा दिवस कसा जातो ते लिहून काढा. उठल्यापासून निजेपर्यंत. काय खाल्लं, काय प्यायलं, काय केलं, सगळं. महिना-दीड महिन्यात वजन चढलं नाही तर भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, आणि वरचं दूधही सुरू करावं लागेल."

वरचं दूध म्हटल्यावर मला रडूच आलं. नववीपर्यंत शिकलेली, अंगापिंडाने धडधाकट बाई मी, आणि माझ्या लेकराला डब्यातलं दूध?

यांनी गिरणीवरून येताना ही शंभर पानी वही आणली. वहीच्या पुढच्या बाजूने सिस्टरसाठी लिहिते आहे आणि मागच्या बाजूने हे, माझ्यासाठी. पुढे आज असं लिहिलं: "पहाटे पाचला उठले. दात घासले. चहा. शेण, सडा, पाणी भरणे. बाळाला पाजले. न्याहारीला भात, जवसाची चटणी. दात घासले. स्वयंपाक. जेवण भात, लाखोळीची डाळ, वांग्याची भाजी. भांडी झाल्यावर दात घासले. बाळाला पाजले. दुपारी चहा. संध्याकाळी भात. निजताना दात घासले."

एक मात्र आहे. स्वच्छतेच्या बाबतीत मला कोणी नाव ठेवू शकणार नाही. सिस्टरना ते दिसेलच.

१६ डिसेंबर, बुधवार

चहा सोडला. सिस्टरनी सांगितलं नव्हतं, पण पुढची बाजू दोन दिवस वाचल्यावर माझ्याच लक्षात आलं की मी चार-पाच कप चहा ढोसते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई चंद्रभागाबाई, म्हणाल्या, "चहानं का होते वं? म्या जलमभर पेला." त्यांच्याशी वाद घालणं माझ्या जिवावर येतं, कारण त्या मला आवडतात.

हे मी कोणापुढे बोलून दाखवलेलं नाही. लग्न होऊन आले तेव्हा दोन महिने त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत. मी रोज चुलीपाशी बसून डोळे पुसायची. मग एका दुपारी भांडी घासून झाल्यावर मागच्या अंगणात त्या गुडाखूची डबी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी डबी माझ्याकडे सरकवली. "घे, दात घास. जिवाले बरं वाटते." मी बोटावर घेतलं, हिरड्यांना लावलं, आणि पाच मिनिटांत अंगण गरगर फिरायला लागलं. मी भडभडून ओकले. त्यांनी माझं कपाळ धरलं, तोंड धुतलं आणि मला मांडीवर निजवलं. त्या दुपारपासून मी या घरची झाले. आता रोज आम्ही दोघी तिथे बसतो, एका डबीतून घासतो, थुंकतो आणि गावभरच्या गोष्टी करतो.

आज त्या कुरकुरत होत्या, "हिरालालच्या दुकानची ही डबी बेकार आहे. तंबाखूच नाही, नुसता गूळ. डोस्क्याले चढतच नाही." मलाही तसंच वाटलं. म्हणून थोडं जास्त घेतलं.

२१ डिसेंबर, सोमवार

चहा सोडून पाच दिवस झाले, पोरीत फरक नाही. आता मिरची बंद, वांगं बंद, वाल-पोपटाच्या शेंगा बंद. बाजरी मागवून भाकर खाते आहे. भात खाणाऱ्या माणसाला भाकर म्हणजे शिक्षाच.

आणि आज यांची बिडी घराबाहेर काढली. ओसरीत बसून ओढत होते आणि पोरगी आत खोकली. मी चांगलीच तडकले. "लेकराच्या अंगात तंबाखू जाते, तुमाले समजत नाही का? बापच असा वागला तर पोरगी कशी वाढंन?"

हे बिचारे उठून बाहेर लिंबाखाली गेले. परत येऊन म्हणाले, "तू म्हणत असशीन तर सोडूनच देतो. पोरीपरीस बिडी मोठी आहे का?" आणि खरंच बंडल चुलीत टाकलं. मला माझाच अभिमान वाटला. एवढी शिस्त या घरात कोणी आणली नव्हती.

२ जानेवारी १९८२, शनिवार

चार किलो आठशे. एकोणीस दिवसांत पन्नास ग्रॅम.

सिस्टरनी कार्डावर टिंब काढलं. त्या कार्डावर एक वर जाणारी रेघ छापलेली आहे. आमची टिंबं तिच्या खाली, एका ओळीत, आडवी. त्या गेल्यावर मी मागच्या अंगणात जाऊन खूप रडले. आत्याबाई आल्या, शेजारी बसल्या, डबी उघडून पुढे केली. आज आम्ही अर्धी डबी संपवली असेल. डोकं जरा हलकं झालं. या दिवसांत तेवढाच विसावा आहे मला.

मग नीट विचार केला. चहा नाही, मिरची नाही, वांगं नाही, बिडीचा धूर नाही. मग उरलं काय? आसगावला पोरगी वाढत होती, इथे वाढत नाही. आसगावचं आणि इथलं काय वेगळं आहे? पाणी! आमच्या आसगावच्या विहिरीचं पाणी गोड. इथलं मचूळ लागतं, हे मी पहिल्या दिवसापासून म्हणते आहे. एवढी साधी गोष्ट मला आधी सुचली कशी नाही?

७ जानेवारी, गुरुवार

पाण्याचं बोलले आणि घरात वादाला तोंड फुटलं. आत्याबाईंचा चेहरा एकदम उतरला. "माह्या घरच्या पान्याले नाव ठेवून राहिली तू? सासऱ्यानं खोदली ती हीर. सारी आळी पेते."

"मी कोनाले नाव ठेवत नाही, आत्याबाई. पोरीसाठी म्हनतो."

"जाय मंग माहेरी. पे तुह्या बापाचं पानी."

रागाने नाही म्हणाल्या, तेच जास्त लागलं. हे म्हणाले, आठ-दहा दिवस जाऊन तर ये. मी परवा निघते आहे. डबी इथेच ठेवणार. बाबांना गुडाखूचा वास चालत नाही. बाळंतपणातही त्यांनी घरात आणू दिली नव्हती, पाच महिने राखुंडीवर काढले होते.

१२ जानेवारी, मंगळवार. आसगाव.

तीन दिवस लिहायचं बळच नव्हतं. प्रवासाचा शीण असा चढला आहे की डोकं फुटतं, हात थरथरतात, आईने काही विचारलं की अंगावर ओरडते. काल वरणात मीठ कमी म्हणून रडले. आई म्हणते, दृष्ट लागली. तोंडात काहीतरी हवंसं वाटतं म्हणून दिवसभर लवंगा चघळते आहे.

पोरगी मात्र आज दुपारी तीन तास सलग झोपली. मी दोनदा तिच्या नाकापुढे बोट धरून पाहिलं.

१९ जानेवारी, मंगळवार. आसगाव.

पाच किलो साठ! इथल्या नर्सने दोनदा काटा पाहिला. सतरा दिवसांत दोनशे साठ ग्रॅम, आणि मला खात्री आहे की ते सगळे इथल्या दहा दिवसांतले आहेत. दूधही असं भरून येतं की पोलकं भिजतं. पोरगी पिता पिता माझ्याकडे बघून हसते. डोकंही आता दुखत नाही.

पाणीच होतं ते! मी आईला, वहिनीला, शेजारच्या गिरजाबाईला, सगळ्यांना सांगितलं. आता आत्याबाईंना कसं सांगायचं एवढाच प्रश्न आहे. पण सांगायची वेळ येऊ नये असा उपाय मी शोधला आहे.

२२ जानेवारी, शुक्रवार. सानगडी.

काल हे न्यायला आले. दोन तेलाचे मोठे डबे घासूनपुसून, आसगावच्या विहिरीचं पाणी भरून, तोंडाला फडकी बांधून मी बसमध्ये घातले. कंडक्टर म्हणाला, "काय आहे, तूप?" हे लाजून खिडकीबाहेर बघत होते. अर्धं पाणी पवनीच्या पुढच्या खड्ड्यांनी खाल्लं. उरलं ते आठवडाभर पुरेल. पुढचं पुढे पाहू.

आत्याबाईंनी डबे पाहिले. मला वाटलं होतं, चिडतील. त्यांनी शेवंताला घेतलं, तिच्या मांड्या चाचपल्या आणि म्हणाल्या, "भरली वं पोरगी." मग मागच्या अंगणात गेल्या आणि तिथून हाक मारली, "ये न. तुह्यावाचून दात बी घासाले नाही लागले." मी गेले. किती दिवसांनी! जरा चक्कर आली, पहिल्या दिवसासारखी. आम्ही दोघी हसलो.

२८ जानेवारी, गुरुवार

काही समजत नाही. मी थेंबभरही इथलं पाणी प्यायलेली नाही. भातसुद्धा आसगावच्याच पाण्यात शिजवून घेते. आणि पोरगी पुन्हा तशीच. पिते, सोडते, रडते. काल पहाटेपासून चार वेळा दचकून उठली. दूध पुन्हा कमी.

म्हणजे पाणी नाही. मग काय? मीच का? या घरात आले की माझ्यात काही बिघडतं का?

२९ जानेवारी, शुक्रवार

आज सिस्टरना मी दारातच गाठलं आणि वही हातात दिली. त्या ओसरीत बसून पुढची पानं वाचत होत्या. आत्याबाई शेतावर लाखोळी पाहायला गेल्या होत्या, ते बरं झालं.

सिस्टरनी चार-पाच पानं उलटली आणि म्हणाल्या, "तुम्ही रोज चारदा दात घासता?"

"हो," मी म्हटलं. "कधी पाचदा."

"आसगावच्या पानांवर एकदाच लिहिलंय."

"तिथं डबी नव्हती न. बाबाले चालत नाही."

"कसली डबी?"

मी आतून आणून दाखवली. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "मंदाबाई, ही तंबाखू आहे."

मी म्हटलं, मी तंबाखू खात नाही, मी थुंकते. म्हटलं, हे दात घासायचं आहे, आमच्या आळीतल्या सगळ्या बाया घासतात. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, थुंकलं तरी हिरड्यांतून रक्तात जाते, रक्तातून दुधात उतरते. दूधही कमी होते. लेकरू म्हणून दचकते, म्हणून झोपत नाही. "चार वेळा तुम्ही घासता, तेव्हा चार वेळा तीही घासते असं समजा."

मी यांच्या बिड्या चुलीत टाकायला लावल्या. बाजरी खाल्ली. बसमधून पाणी आणलं! आणि माझ्या बोटानं मी रोज... लिहवत नाही. पोरीचे हातपाय मी दीडशे वेळा धुतले असतील, आणि दुधातून तिला तंबाखू पाजत होते. मी वाईट आई नाही, मूर्ख आई आहे. त्यातलं कोणतं जास्त वाईट ते मला माहीत नाही.

हे आल्यावर त्यांना सांगितलं. "म्हंजे माह्या बिड्या..." म्हणत हसायला लागले. मग माझं तोंड पाहून थांबले आणि म्हणाले, "आईले सांगितलं का?"

नाही. तेच तर आहे. यांच्या आधी आत्याबाईंची दोन लेकरं गेली. घरात त्यांचं कोणी बोलत नाही, मलाही लग्नानंतर शेजारणीकडून कळलं. दोघंही अंगावर पिणारी होती. सिस्टर बोलत होत्या तेव्हाच मला ते आठवलं, आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? आम्ही दोघांनी ठरवलं, सांगायचं नाही. यांनाही ती दोघं कशानं गेली ते ठाऊक नाही.

३ फेब्रुवारी, बुधवार

डोकेदुखी. चिडचिड. आता निदान तिचं नाव ठाऊक आहे. दुपारी आत्याबाईंसोबत बसते, डबीत बोट घालते, घेतल्यासारखं करते आणि कोरडं बोट दातांवर फिरवते. वासानेच तोंडाला पाणी सुटतं. काल बोट खरंच भरलं होतं. तोंडापर्यंत नेलं आणि मातीला पुसलं. आतून शेवंताचा आवाज आला नसता तर काय झालं असतं ते सांगता येत नाही.

९ फेब्रुवारी, मंगळवार

आत्याबाईंच्या लक्षात आलं. आज डबी पुढे केली नाही. स्वतः घासून झाकण लावलं आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, "पानी नको, डबी नको. मी तरी पाह्यजे का या घरात?"

मी म्हटलं, तोंड आलं आहे. खोटं बोलताना माझा आवाज बारीक होतो. त्या उठून गेल्या. संध्याकाळचा भात त्यांनी माझ्याआधीच एकटीने खाल्ला.

पोरगी झोपते आहे. दूध आहे. मी सुखी असायला हवं.

२२ फेब्रुवारी, सोमवार

पाच किलो सातशे! सिस्टरनी कार्ड माझ्यापुढे धरलं. टिंब रेघेवर चढलं होतं. भंडाऱ्याला जायचं नाही, वरचं दूध नाही. यांनी गिरणीवर पेढे वाटले. मी शेवंताला छातीशी धरून ओसरीत फेऱ्या घालत राहिले. जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला वजन सांगितलं, विचारलं नाही त्यांनाही.

आत्याबाई चौकटीला टेकून बघत होत्या.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी भांडी घासत होते. आत्याबाई येऊन शेजारी बसल्या. डबी हातात होती, उघडली नव्हती.

"आसगावचं पानी सरून महिना होते," त्या म्हणाल्या. "माह्याच हिरीचं पेतेस. मंग पोरगी काहून वाढली?"

मी राख लावत राहिले.

"मले सांगत काहून नाही, मंदे? मी का तुही दुश्मन आहे?"

हे मात्र मला सहन झालं नाही. त्यांना वाटत होतं की मी त्यांना परकं केलं. मी हात धुतले आणि सांगून टाकलं. सिस्टर काय म्हणाल्या, डबीत काय आहे, ते दुधात कसं उतरतं, सगळं. सांगताना त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्या म्हणाल्या, "दुधात उतरते?"

"सिस्टर तसं म्हनते."

"तुह्या नवऱ्याच्या, गोपीच्या आंधी माहे दोन गेले. पोरगा साडेपाच महिन्याचा होता. पोरगी चार महिन्याची. दोघंही असेच. प्याचे, सोडाचे, रडाचे. अंगच नाही धरलं. सासू म्हने, तुह्या दुधातच दोष आहे. गोपी झाला तं तिनं मले पाजू देलं नाही. गाईच्या दुधावर वाढवला त्याले. माहे पान्हे दुखाचे, अन् मी ढोराच्या कोठ्यात जाऊन पिळून टाकाची." त्यांनी हातातली डबी पाहिली. "हे बी तिनंच देलं होतं. नवी होती तवा. जिवाले बरं वाटते म्हनून."

मी घाईघाईने म्हटलं, "तवा तापाच्या साथी होत्या, आत्याबाई. त्यानंच गेले असतीन."

"ताप नव्हता."

"मंग दुसरं काही."

"तू दोन महिने चहा पारखला, मिरची पारखली, माही हीर पारखली. पोरीसाठी खरं काय ते धुंडलं. आता मले काहून फसवतेस?"

मी त्यांचा हात धरला. राखेने माझा हात खरखरीत झाला होता. "माहीत नाही, आत्याबाई. सिस्टरले बी सांगता नाही येनार. पन असू शकते."

त्यांनी मान हलवली. रडल्या नाहीत. रडले ते मी. आतून शेवंता उठल्याचा आवाज आला तशी त्याच उठल्या, तिला घेऊन आल्या आणि माझ्या मांडीवर दिली. "पाज," म्हणाल्या. मी पाजायला घेतलं. त्या समोर बसून बघत राहिल्या, एकही क्षण नजर न हलवता. पोरगी पोटभर पिऊन झोपी गेली.

मग त्या म्हणाल्या, "त्या वहीत तू सारं लिहितेस न?"

"हो."

"त्या दोघाईचे नाव लिही. कोठीच लिहिले नाही. पोराचं यादोराव. पोरीचं ठेवाचं राहूनच गेलं."

मी विचारलं, काय लिहू? त्यांनी खूप वेळ विचार केला. मग एकदम म्हणाल्या, "रुखमा लिही."

मागच्या बाजूने नाही, पुढच्या बाजूने लिहिलं, सिस्टरच्या पानावर.

यादोराव, साडेपाच महिने. रुखमा, चार महिने. वजन कोणी केलं नव्हतं.